आमची कॅल्केरिया

डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलेला माणूस बाहेर यायचा तो चक्रावूनच. गेलेला असायचा साध्या खोकल्यासाठी, आणि आत त्याला विचारलेलं असायचं की लहानपणी अंधाराची भीती वाटायची का, झोपेत पाय पांघरुणाबाहेर जातात का, रडू आल्यावर कोणी पाठीवरून हात फिरवला तर बरं वाटतं की डोकं आणखी फिरतं. तासभर ही उलटतपासणी झाली की कंपाउंडर काका खिडकीतून चार पुड्या पुढे सरकवायचे. मग तो माणूस दारात भेटेल त्याला सांगत सुटायचा, "अहो, खोकला राहिला बाजूला, यांनी माझं चरित्रच काढलं!" गल्लीत त्यांना नाव पडलं होतं 'चौकशी डॉक्टर'. ते त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना ते आवडायचं.

कारण चौकशी हीच त्यांची विद्या होती. होमिओपॅथीत औषध रोगाला नसतं, रोग्याला असतं, हे वाक्य ते चौतीस वर्षं सांगत आले होते. एकदा एकाच कारखान्यातले दोघं जण एकाच दिवशी एकाच सर्दीनं आले. पहिला दांडगा वेल्डर, पण सांगता सांगताच त्याचे डोळे भरून आले. त्याला खिडकी उघडी लागत होती आणि सकाळपासून पाण्याचा घोट प्यावासा वाटला नव्हता. त्याला डॉक्टरांनी पल्सेटिला दिलं. दुसऱ्यानं आल्या आल्या पंखा बंद करायला लावला, खुर्ची करकरते म्हणून खुर्चीवर चिडला आणि "लवकर आटपा, कामं आहेत" म्हणाला. त्याला नक्स व्होमिका. नाकं दोन्ही सारखीच वाहत होती. डॉक्टरांनी नाकाकडे बघितलंच नाही, नाकामागच्या माणसाकडे बघितलं.

प्रत्येक पेशंटचा चार पानी केस पेपर असे. तहान, भूक, घाम, झोप, स्वप्नं, भीती, कशानं वाढतं, कशानं कमी होतं. मग ते रेपर्टरी नावाचा जाडजूड ग्रंथ उघडत. त्यात एकेका लक्षणापुढे कोणकोणती औषधं लागू पडतात त्याच्या याद्या असतात. पट्टीनं उभ्या ओळी आखून ते खुणा करत जायचे, आणि सगळ्या चाळण्यांतून जे औषध खाली उरेल त्याचं नाव पेपरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहायचे. वर्षानुवर्षं हेच केल्यावर जे होतं तेच झालं. माणसं त्यांना औषधांच्या नावानंच दिसू लागली. पोस्टमन म्हणजे पक्का फॉस्फरस. कोपऱ्यावरची शिंपीण नॅट्रम म्युर, मरेल पण चारचौघांत रडणार नाही. आणि घरी, वरच्या मजल्यावर, खिडक्या लावून दोन स्वेटर घालून बसलेली त्यांची बायको म्हणजे 'आमची कॅल्केरिया'.

हे ते तिच्यासमोरच म्हणायचे, आल्यागेल्याला हसून सांगायचे. कॅल्केरिया हे औषध शिंपल्याच्या चुऱ्यापासून करतात. ते लागू पडणाऱ्या माणसाचा नमुना पुस्तकात दिलेला असतो: अंगानं स्थूल, थंडी फार वाजणारा, हातपाय गार, चालणं बोलणं संथ, जरा जिना चढला की दमणारा. "पुस्तकातलं पान फाडून त्याच्याशीच लग्न केलंय मी," डॉक्टर म्हणायचे. डॉक्टरीणबाई यावर हळूच हसायच्या. हसणं संपायला त्यांना जरा वेळ लागायचा.

अशी नऊ वर्षं गेली. त्यांना अधूनमधून कॅल्केरियाची पुडी मिळे. घेतली की चार दिवस जरा हुशारी आल्यासारखी वाटे, निदान डॉक्टरांना तरी वाटे. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवत. आठ वर्षांपूर्वी फळ्यावर एक साधं गणित सोडवताना त्या मध्येच थांबल्या, पुढची पायरी आठवेना, मुलं खुसुखुसू हसायला लागली. पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. डॉक्टर सगळ्यांना सांगत, "तिला आता घरातच बरं वाटतं." आवाज घोगरा झाला, ते शिकवून शिकवून झालं असणार. केस विरळ झाले, ते वयानं. कुठल्याही गोष्टीला कारण शोधायला गेलं की ते सापडतंच.

त्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंची धाकटी बहीण आली. ती बोटीवर स्वयंपाकघर सांभाळायची, दहा वर्षं या ना त्या समुद्रात होती. फोनवर बोलणं व्हायचं, पण त्यात ताईचं "हं, हं" जास्त. मेहुणीनं बॅग जिन्यात ठेवली, बेल वाजवली आणि दार उघडल्यावर म्हणाली, "ताई आहे का घरात?"

दार ताईनंच उघडलं होतं.

डॉक्टर मागेच उभे होते. त्यांना वाटलं, मेहुणी थट्टा करतेय. ती आल्या आल्या काहीतरी खोडी काढायचीच. ते हसलेसुद्धा. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला. ती हसत नव्हती. तोंडावर हात ठेवून ती बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली होती, आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या संथ, जड आवाजात म्हणत होत्या, "अगं... मीच आहे. ये ना."

 चहा होईपर्यंत मेहुणी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून बहिणीचं कप काढणं, साखरेचा डबा शोधणं, तो हातात घेतल्यावर तो का घेतला हे आठवत उभं राहणं, सगळं बघत होती. चहा पिता पिता ती बोटीवरची गंमत सांगू लागली आणि मध्येच थांबली. डॉक्टरीणबाईंचे डोळे मिटले होते. कप हातातच होता.

मेहुणीनं तो अलगद काढून घेतला आणि डॉक्टरांना बाहेर गॅलरीत बोलावलं.

"भावोजी, ताईला काय झालंय?"

"कुठे काय? प्रकृतीच तशी आहे तिची. थंड प्रकृती, संथ स्वभाव. थंडीत जरा जास्त."

"संथ स्वभाव?" ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "माझ्या बहिणीचा?"

"अगं, माणूस वयाप्रमाणे..."

"तिच्या भुवयांची टोकं कुठे गेली, भावोजी?"

  बायकोच्या भुवया पूर्वी कुठपर्यंत होत्या हेच डॉक्टरांना आठवेना. आत जाऊन त्यांनी झोपलेल्या बायकोकडे वाकून बघितलं. दोन्ही भुवया अर्ध्यावर संपल्या होत्या. बाहेरच्या अर्ध्या भागात नुसती सुजरी, फिकट कातडी होती. रोज समोरासमोर बसून जेवणारा माणूस, आणि हे त्यांना आज दिसलं. पोस्टमनच्या डाव्या नाकपुडीवरचा घाम त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता.

पण डॉक्टर हट्टी होते. अशा वेळी शहाणा माणूस चूक कबूल करतो आणि हुशार माणूस पुरावा काढायला जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद झाल्यावर त्यांनी दोघी बहिणींना खाली बोलावलं, नवा कोरा केस पेपर काढला, पेनचं टोपण उघडलं. "आज हिची रीतसर केस घेतो. मेहुणीबाई, तू साक्षीदार. काय येतं ते तूच बघ."

गंमत अशी की लग्नाच्या इतक्या वर्षांत बायकोची केस त्यांनी कधी पूर्ण घेतलीच नव्हती. लग्नानंतर नव्या नवलाईत एकदा घ्यायला बसले होते, पण तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. स्वप्नं कसली पडतात विचारलं, तर म्हणाल्या, "तुमचे प्रश्न संपल्याची." भीती कशाची वाटते, तर "तुमच्या पुढच्या प्रश्नाची." शेवटी कंटाळून डॉक्टरांनी पेपर फाडला होता. तेव्हा त्यांनी मनातल्या मनात रेपर्टरी किती वेळा चाळली असेल, पण ही बाई कुठल्याच औषधात बसेना. आणि मग, नऊ वर्षांपूर्वी, ती हळूहळू बसायला लागली. प्रत्येक लक्षण पुस्तकाबरहुकूम. डॉक्टरांना केवढा आनंद झाला होता! "सापडलीस!" असं ते तिला म्हणालेही होते.

आता त्यांनी सराईतपणे पहिल्या पानावर लिहायला सुरुवात केली. थंडी सोसत नाही, लिहिलं. घाम नाही, कातडी कोरडी, लिहिलं. पोट साफ नाही, लिहिलं.

"भावोजी, तुम्ही तिला विचारलंच नाहीत," मेहुणी म्हणाली.

"अगं, मला माहितीये ना."

"मग केस कोणाची घेताय? तिची की तुमची?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि विचारू लागले. डॉक्टरीणबाई एकेक उत्तर शोधून शोधून देत होत्या. तिसऱ्या पानावर तो प्रश्न आला. हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतः घातलेला होता, शिकाऊ डॉक्टर आले की ते त्याच्याखाली दोन रेघा मारून दाखवायचे. बाकी सगळं विसरलात तरी हा विसरू नका, म्हणायचे. कारण माणूस मुळात कसा आहे ते कळल्याशिवाय आजारानं त्याच्यात काय बदललं ते कळणार कसं? आणि औषध तर त्या बदलावरच निवडायचं असतं.

"आजारापूर्वी तुम्ही कशा होता?" त्यांनी सवयीनं वाचलं.

डॉक्टरीणबाईंनी खूप वेळ विचार केला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं.

"मला... आठवत नाही," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेसुद्धा सावकाश.

मग मेहुणी बोलायला लागली. तिनं डॉक्टरांकडे बघितलंच नाही, ती बहिणीला सांगत होती. "मी सांगते तू कशी होतीस. तू जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायचीस. हेडमास्तरांची नक्कल करायचीस, खुद्द हेडमास्तरांसमोर. तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आई म्हणायची, हिला कोणीतरी बंद करा गं. आणि थंडी? ऐन थंडीत खिडकी सताड उघडी टाकून झोपायचीस तू! मी कुडकुडायचे. त्यावरून आपली रोज मारामारी व्हायची."

डॉक्टरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. खिडकी. त्यांनाही ती खिडकी आठवली. लग्नानंतरची पहिली सात-आठ वर्षं पंख्यावरून भांडणं झाली होती, हिला पंखा हवा आणि यांना नको. ही बाई मुळात उष्ण प्रकृतीची होती! उष्ण माणूस थंड होत नाही, झाला तर समजा आत काहीतरी मोठं बिघडलंय, हे ते स्वतः शिकवायचे. पेशंटनं असं सांगितलं असतं तर खुर्चीतून उडाले असते आणि त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं असतं. बाहेरच्यांना ते पाठवायचेच, त्यात त्यांनी कधी हलगर्जी केली नव्हती. पण घरच्या माणसाला कोण पाठवतो? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, चार पानांच्या पेपरवर निळ्या शाईत त्यांच्यासमोर पडला होता. 

"उद्या सकाळी लॅब किती वाजता उघडते?" मेहुणीनं विचारलं.

"साडेसातला," कंपाउंडर काका खिडकीपलीकडून म्हणाले. ते घरी गेलेच नव्हते, आणि कोणी विचारायच्या आत त्यांनी चिठ्ठीवर पत्ताही लिहून ठेवला होता.

रिपोर्ट तिसऱ्या प्रहरी आला. थायरॉईडचा जो आकडा चार-साडेचारच्या आत असायला हवा, तो एकशे अठरा होता. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. आकडा तोच. त्यांनी लॅबला फोन करून विचारलं, दशांश चिन्ह राहून गेलंय का? पलीकडची मुलगी म्हणाली, "नाही सर, आम्हालाही वाटलं म्हणून दोनदा लावलं."  डॉक्टरांनी लगेच एका फिजिशियन बाईंची त्याच संध्याकाळची वेळ घेतली.

फिजिशियन बाई वयानं डॉक्टरांच्या निम्म्या असतील. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या नाडीवर हात ठेवला, गुडघ्यावर छोट्या हातोडीनं टिचकी मारली. पाय उडाला आणि खाली यायला इतका वेळ लागला की डॉक्टरांनी नजर वळवली.

"कधीपासून आहे हे?"

"नऊ वर्षं," मेहुणी म्हणाली.

"आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

 फिजिशियन बाईंनी फॉर्मवरचं नाव वाचलं, मग डॉक्टरांकडे बघितलं. "तुम्ही डॉक्टर आहात ना?"

"होमिओपॅथ," डॉक्टर म्हणाले. मग जरा वेळानं, "होय, डॉक्टर."

त्यांना वाटलं आता ही आपल्याला धारेवर धरणार. एखादं कुत्सित वाक्य आलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं, भांडायला तरी मिळालं असतं. पण बाई फक्त म्हणाल्या, "आणखी एखादी थंडी अशीच गेली असती तर यांना बेशुद्धच घेऊन आला असता. मग सांगता येत नाही." असं म्हणून त्यांनी गोळी लिहून दिली. रोज सकाळी, उपाशीपोटी, आयुष्यभर. सुरुवातीला अगदी थोडी, मग रक्त बघून वाढवत न्यायची.

परतताना टॅक्सीत डॉक्टर पुढे बसले. मागे दोघी बहिणी एका शालीत होत्या. काच किंचित खाली होती, तेवढ्या वाऱ्यानंही डॉक्टरीणबाई आक्रसत होत्या. डॉक्टरांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. नऊ वर्षं आपण ज्या बाईबरोबर राहिलो, जिच्या संथपणावर विनोद केले, जिला आल्यागेल्यासमोर औषधाचं नाव दिलं, ती बाई नव्हतीच. तो आजार होता. आपण एका आजाराबरोबर संसार केला आणि त्याला स्वभाव म्हटलं.  त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली आणि फुटपाथवर उतरून पाच मिनिटं नुसते उभे राहिले.

पहिल्या दीड महिन्यात फारसं काही दिसलं नाही. मेहुणीची रजा संपली, ती बोटीवर परत गेली. जाताना डॉक्टरांना म्हणाली, "आठवड्याला एक फोटो पाठवायचा. भुवयांचा." डॉक्टर दर रविवारी खिडकीपाशी बायकोला उभं करून फोटो काढायचे, आणि रोज सकाळी गोळी स्वतःच्या हातानं द्यायचे. गोळी दिली की तिथेच उभे राहायचे, जणू लगेच काही होणार आहे.

मग व्हायला लागलं. आधी सूज उतरली, आणि चेहऱ्याखालून चेहरा निघाला. एका सकाळी दुसरा स्वेटर खुर्चीवरच राहिला. तिसऱ्या महिन्यात आवाज सुटला. डॉक्टर खाली पेशंट तपासत होते, आणि वरून कोणीतरी गाण्याची एक ओळ चुकीच्या सुरात, पण खणखणीत म्हणालं. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. समोरचा पेशंट म्हणाला, "पाहुणे आलेत वाटतं?"

पाचव्या महिन्यात शिंपीण औषध न्यायला आली, तर डॉक्टरीणबाई खिडकीपाशी कंपाउंडर काकांना डॉक्टरांची नक्कल करून दाखवत होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात काल्पनिक पेन: "बरं, आता सांगा, तुम्ही जांभई देता तेव्हा मनात कोणाविषयी राग असतो?" चारचौघांत कधी डोळ्यांत पाणी न आणणारी शिंपीण हसून हसून डोळे पुसत होती. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते.  देवाघरून माणूस परत यावा तसं झालं होतं, आणि कोणाचे आभार मानावेत हे त्यांना कळत नव्हतं.

इथेच गोष्ट संपली असती तर डॉक्टर सुखी झाले असते. पण माणूस परत येतो तो अख्खा येतो, आपल्याला हवा तेवढाच तुकडा येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी एका शिकवणी वर्गात गणित शिकवायला घेतलं, डॉक्टरांना न विचारता. घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. जेवताना बोलायच्या, जेवल्यावर बोलायच्या, डॉक्टर पेपर वाचत असले तर पेपरातल्या बातमीवर बोलायच्या. एक जुना मित्र जेवायला आला, डॉक्टर नेहमीचं सांगू लागले, की माणूस ओळखायला आपल्याला पहिली पाच मिनिटं पुरतात. डॉक्टरीणबाईंनी वाढता वाढता म्हटलं, "हो, आणि चुकलं की पुढची नऊ वर्षं." मित्राला ठसका लागला. डॉक्टरही हसले, पण त्यांचा घास तोंडातच फिरत राहिला. गेली कित्येक वर्षं या टेबलावर त्यांचं वाक्य कोणी तोडलं नव्हतं.

मग ते टिपणं करू लागले. लपूनछपून नव्हे, पण दाखवूनही नाही. टेबलाच्या खणातल्या एका कागदावर: उकडतं. झोप कमी. घाई. बडबड. चिडचिड, वाद घालण्याची प्रवृत्ती. एकेक लक्षण वेचून त्यांनी खाली ओळ आखली. थायरॉईडची गोळी जास्त झाली तर हेच होतं! फिजिशियन बाईंनी बजावलं होतं, डोस जास्त झाला तर हृदयावर ताण येतो. एकदा डोळे मिटून बसलो, आता पुन्हा नाही, असं स्वतःला म्हणत ते जिना चढून वर गेले.

"अगं, तुझा डोस जास्त होतोय."

डॉक्टरीणबाई वह्या तपासत होत्या. "कशावरून?"

डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. 'बडबड' या शब्दावर जरा थांबल्या. डॉक्टरांना वाटलं आता पट्टा सुरू होणार. पण त्या फक्त म्हणाल्या, "ठीक आहे. उद्या रक्त देऊन येते."

"मी येतो बरोबर."

"नको. रस्ता माहितीये मला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात शेवटचा पेशंट उठला, तेव्हा डॉक्टरीणबाई आत आल्या. शिकवणीवरून तशाच आल्या होत्या, बोटांना खडू होता. त्या पेशंटच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवून डॉक्टरांच्या बाजूनं फिरवला.

डॉक्टरांनी आकडा वाचला. दोन पूर्णांक एक. असायला हवा तिथेच, अगदी मधोमध.

"मी फिजिशियन बाईंकडेही जाऊन आले," त्या म्हणाल्या. "तुमचा कागद दाखवला. त्यांनी नाडी बघितली, हात पुढे करायला लावून कापतात का ते बघितलं, सगळं तपासलं. म्हणाल्या, डोस बरोबर आहे. कणभरही कमी करायचा नाही."

"छान झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरोखरच हायसं वाटलं. निदान पहिल्या क्षणी.

"मग आता हे काय आहे?" त्यांनी टिपणाच्या कागदावर बोट ठेवलं. "ही घाई, ही बडबड, हे वाद घालणं. खिडक्या उघडणं. तुमचं चुकलं की तुमच्या तोंडावर सांगणं. हे कशाचं लक्षण?"

डॉक्टरांनी तो कागद आपल्याकडे ओढला.

"हा आजार नाहीये, अहो. ही मी आहे."

डॉक्टरांना एकदम उघड्यावर उभं केल्यासारखं झालं. आजार होता तेव्हा त्यांनी त्याला बायको म्हटलं होतं, आणि बायको समोर आली तेव्हा तिच्यावर उपाय शोधत जिना चढून गेले होते. आणि दोन्ही वेळा ते तितक्याच खात्रीनं बोलले होते. 

डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला नाही. "'माझ्या लक्षात कसं आलं नाही' म्हणून तुम्ही रडलात, मी बघितलंय. मला वाटलं, नजरचूक असेल, माणसाची होते. पण काल हा कागद वाचला आणि मी रात्रभर विचार केला. नऊ वर्षांत तुम्हाला एकदाही असं वाटलं नाही की ही बोलत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. आणि मी पाच महिने बोलले तर तुम्ही चौकशी करायला आलात. मी मरत होते तेव्हा तुम्हाला घर शांत वाटत होतं ना?"

"अगं, तसं नाही..."

"मग सांगा. आम्हा दोघींतली तुम्हाला कोण बरी वाटते? ती गप्प बसणारी की मी?"

डॉक्टरांना 'तू' म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण गेल्या काही महिन्यांत दोघांमध्ये इतका वेळ शांतता टिकलीच नव्हती, आणि तिच्यात क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांना तो मित्र, ते तुटलेलं वाक्य, आणि त्याआधीची सगळी निवांत जेवणं आठवली. उत्तराला जेवढा वेळ लागायला नको होता, तेवढा लागला.

डॉक्टरीणबाई आता चटकन पाहणाऱ्या होत्या. त्यांनी तो वेळ पाहिला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "कळलं."

त्यांनी रिपोर्टची घडी घातली आणि ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.